‘अजिंक्यतारा कधीच कोणी जिंकला नाही’: एक खुलासा

गेले काही दिवस साताऱ्यात मोबाइलवर एक मजकूर फिरतो आहे, की अजिंक्यतारा कधीच शत्रूच्या हाती पडला नाही आणि म्हणूनच त्याला ‘अजिंक्य’ म्हणतात. हे विधान चुकीचे आहे, आणि रोज पहाटे गड चढणाऱ्या आपल्या सातारकरांनीच ते पुढे ढकलावे, याचे जरा नवल वाटते.

शिवाजी महाराजांनी 1673 मध्ये घेतलेल्या या किल्ल्याला डिसेंबर 1699 मध्ये खुद्द औरंगजेबाने वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी तो साडेचार महिने झुंजवला. 13 एप्रिल 1700 रोजी मोगलांनी मंगळाई बुरुजाकडे सुरुंग उडवले, तेव्हा पहिल्या स्फोटात गडावरची माणसे गाडली गेली, तर दुसऱ्याने तट बाहेरच्या बाजूला कोसळून चढाईच्या तयारीत उभे असलेले शेकडो मोगल सैनिकच ढिगाऱ्याखाली चिरडले. दरम्यान मार्चमध्ये राजाराम महाराजांचे निधन झाले होते, दाणागोटाही संपत आला होता. अखेर 21 एप्रिलला गड मोगलांच्या ताब्यात गेला आणि शाहजादा आझमच्या नावावरून त्याचे ‘आझमतारा’ झाले. मराठ्यांनी तो परत मिळवल्यावर ‘अजिंक्यतारा’ हे नाव रूढ झाले. पुढे 1818 मध्ये तो इंग्रजांकडे गेला, हे वेगळेच.

मंगळाई देवीच्या देवळाशेजारचा हा बुरूज आजही पाहता येतो. यवतेश्वर आणि सज्जनगडाच्या दिशेने फोटो काढून परतणाऱ्यांनी तिथेही दोन मिनिटे थांबावे.