बॅटरीला फिरवून आणतो

रविवारी सकाळी आमची गाडी बाहेर पडते ती कुठे जायचं असतं म्हणून नाही, बॅटरीला फिरवून आणायचं असतं म्हणून. सोसायटीतली इतर मंडळी त्याच वेळी आपापले कुत्रे घेऊन निघालेली असतात. त्यांचे कुत्रे निदान शेपूट तरी हलवतात.

याचं मूळ मेट्रोत आहे. मी राहतो कोथरूडला, ऑफिस कल्याणीनगरला. २०२४ च्या मार्चमध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत धावायला लागली आणि नळ स्टॉपच्या सिग्नलला आयुष्याचा जो भाग खर्ची पडत होता तो मला परत मिळाला. गाडी बेसमेंटमध्ये उभी राहू लागली. बायको म्हणाली, "बरं झालं, आता गाडी पुष्कळ वर्षं टिकेल." गाडी टिकेलही. पण बॅटरीला हे कोणी सांगितलं नव्हतं.

उभी गाडी झोपलेली असते असा आपला समज असतो. ती नुसती डोळे मिटून पडलेली असते. रिमोटची वाट बघत बसलेलं लॉक, चोराची वाट बघत बसलेला सायरन, घड्याळ, आतला कॉम्प्युटर, सगळे रात्रंदिवस बॅटरीतून घोट घोट पीत असतात. सगळे मिळून पन्नास मिलिअँपिअर धरा. कंपन्यांच्या हिशोबात एवढं चालतं. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर. आमच्या छोट्या गाडीची बॅटरी मुळात ३५ ची. तीन आठवडे गाडी हलली नाही की त्यातले पंचवीस कोणाला न सांगता गेलेले असतात. वर हौसेने डॅशकॅम बसवला असेल आणि तो पार्किंगमध्येही चालू राहत असेल, तर आणखी लवकर. आमचा राहतो. बेसमेंटच्या खांबाचं किती तरी तासांचं चित्रीकरण माझ्याकडे आहे.

तर, मुंजीला निघालो होतो. पैठणी नेसून बायको पुढे, आहेराची पिशवी घेऊन मुलगी मागे. स्टार्टर मारला. टक. टक. टकटकटकटक.

"लाइट तर लागतायत की!" बायको म्हणाली.

दिव्यांना पाच-दहा अँपिअर पुरतात, स्टार्टरला एका झटक्यात शंभर-दीडशे लागतात. हे समजावून सांगण्याची ती वेळ नव्हती. मी सांगितलं.

गाडी बंद पडल्याचा वास असतो की काय कोण जाणे, पण पाच मिनिटांत अख्खी विंग खाली जमली. आधी वॉचमनमामा आले. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, एक दगड शोधून आणला आणि टर्मिनलवर दोन हाणले. हा उपाय अगदीच वेडा नाही, टर्मिनल सैल असेल तर खरंच गाडी सुरू होते. आमचं सैल नव्हतं. मग तिसऱ्या मजल्यावरचे काका अवतरले. काकांकडे एकेकाळी ॲम्बॅसडर होती. हँडल मारून ती कशी सुरू व्हायची, हे त्यांनी मनगटासकट करून दाखवलं. (सेल्फ स्टार्टर पहिल्यांदा १९१२ च्या कॅडिलॅकला आला. काकांनी ती बातमी नाखुशीने स्वीकारली असावी.)

"धक्का मारा!" काकांनी हुकूम सोडला.

"काका, ही ऑटो..."

"तू स्टिअरिंग धर. सेकंड टाक आणि मी सांगितलं की क्लच सोड."

चौघांनी गाडी ढकलत गेटपर्यंत नेली. दुसऱ्या विंगचे एक गृहस्थ तर पूजा अर्धी टाकून सोवळ्यातच आले होते. मी खिडकीतून ओरडत होतो, पण "हय्या हो"मध्ये ते कोणाला ऐकू गेलं नाही. गेटजवळ काका ओरडले, "सोड क्लच!"

"काका, हिला क्लच नाहीये!"

मग जी शांतता पसरली ती मुंजीतल्या मंगलाष्टकांनंतरही पसरली नसेल. अर्थात ती आम्हाला ऐकायला मिळाली नाहीत. रिक्षाने पोचलो तेव्हा बटू भिक्षावळीला बसला होता.

संध्याकाळी बॅटरीवाला मुलगा आला. बोलणं कमी, खांद्यावर जंपर केबल. लाल चिमटा आमच्या प्लसला, लालचं दुसरं टोक त्याच्या बॅटरीच्या प्लसला, काळा त्याच्या मायनसला. राहिलेला काळा मात्र त्याने आमच्या बॅटरीला लावलाच नाही, दूर इंजिनच्या लोखंडाला लावला.

"चुकला," काका म्हणाले.

"शेवटच्या चिमट्याला ठिणगी उडते काका. बॅटरीतनं गॅस निघतो. तिथं ठिणगी नको." काका दोन पावलं मागे सरकले. गॅस म्हणजे हायड्रोजन, त्यामुळे ते योग्यच होतं.

गाडी सुरू झाली. ती चालू असतानाच त्याने मीटर लावला: १४.१ व्होल्ट. "डायनामो ओके." म्हणजे चालू इंजिन बॅटरी भरत होतं. थोड्या वेळाने गाडी बंद करून, दिवे जरा लावून-विझवून पुन्हा बघितलं. "भरलेली बॅटरी बारा पॉइंट सहा-सात दाखवती साहेब. बारा पॉइंट दोन म्हणजे निम्मी. बाराच्या खाली गेली की खपली. तशीच पडून राहिली तर आत प्लेटींवर खडे धरत्यात, मग परत चार्ज घेत नाय."

"मग बदलायची का?"

"बॅटरी चांगलीय. तुम्ही गाडी चालवत नाय."

बॅटरी विकणाऱ्याने बॅटरी विकायला नकार दिल्यावर माणसापुढे पर्याय उरत नाही. तेव्हापासून आमचं घर बॅटरीच्या सेवेत आहे. बेसमेंटमध्ये पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून भागत नाही. त्यात धूर होतो, वर राहणाऱ्या आजी खोकतात आणि बॅटरीच्या पोटात काही पडत नाही. चांगलं अर्धा-पाऊण तास रस्त्यावर पळवावी लागते. म्हणून आम्ही चांदणी चौक ओलांडून पिरंगुटपर्यंत जातो आणि काहीही न करता परत येतो. पहिल्यांदा बायकोने वाटेत मिसळीसाठी थांबू या म्हटलं, तेव्हा मी म्हणालो, "परत स्टार्टर मारावा लागेल." मुलगी अकरावी सायन्सला आहे. तिने मागच्या सीटवर हिशोब केला: दीडशे अँपिअर, दोन सेकंद, म्हणजे अँपिअर-अवरचा जेमतेम बारावा हिस्सा. "बाबा, दोन मिनिटांत भरून येतं. मिसळ खाऊ." विज्ञानशाखेला घातल्याचा हा पहिला फायदा.

टर्मिनलवर पांढरी-निळसर भुकटी धरते. खायचा सोडा गरम पाण्यात कालवून ओतला की ती फसफसून निघून जाते. त्याआधी पाना घेऊन मायनस सोडवायचा, मगच प्लस, जोडताना उलटं. नाहीतर प्लसवरचा पाना बॉडीला टेकला की दिवाळी. शेवटी पेट्रोलियम जेलीचा हात. घरातली जेलीची डबी बॉनेटखाली सापडल्यावर बायको म्हणाली, "माझ्या टाचा भेगाळल्या तरी चालतील, हिची टर्मिनलं मऊ राहायला हवीत."

काकांनी शांतपणे एसीच्या पाइपाखाली बाटली धरून पाणी जमवलं होतं. "डिस्टिल्डच ते. फुकट." ते डिस्टिल्ड नसतं, कॉइलवरची धूळ आणि धातू घेऊन येतं. शिवाय आमची बॅटरी बंद पेटीची, तिला पाणी घालायला जागाच नाही. काकांनी बाटली परत नेली नाही. ती अजून आमच्या शू-रॅकवर आहे.

आणि बॅटरी थंडीत बंद पडते म्हणून थंडीला शिव्या देतात तेही खरं नाही. प्लेटी झिजतात त्या एप्रिल-मेच्या उन्हात. डिसेंबरच्या सकाळी नुसता निकाल लागतो.

गौरी-गणपतीला आम्ही कोकणात निघालो, रेल्वेने. मायनस काढून ठेवावा असं ठरत होतं, पण मग रिमोट चालत नाही, किल्लीने दार उघडावं लागतं आणि घड्याळ पुन्हा बारापासून सुरू होतं. काका म्हणाले, "किल्ली माझ्याकडे दे. एक दिवसाआड फिरवून आणतो. ऑटोमॅटिक मला येते आता."

परत आल्यावर बंद गाडीला मीटर लावला. १२.७! इतका आकडा मी कधी पाहिला नव्हता. पेट्रोलचा काटा मात्र तळाला टेकलेला. मागच्या सीटवर नारळाचे दोन तुकडे, दूर्वा आणि काकूंचा चष्मा.

"मोरगावला नेऊन आणलं तिला," काका म्हणाले. "मग थेऊर. लांब पल्ल्याला चार्ज चांगला होतो, तूच म्हणतोस ना? रांजणगाव राहिलंय. दिवाळीत कुठे जाताय?"