व्यायामापुरतंच नाही ते

‘बागकाम हा ज्येष्ठांसाठी हलका व्यायाम’ हे तुमच्या ज्येष्ठांच्या बागकामावरच्या लेखातलं वाक्य मला फार अपुरं वाटलं. आमच्या दादांना अर्धांगवायूचा झटका आल्यावर उजव्या हाताची बोटं वळेनात. फिजिओथेरपिस्टने दिलेला रबरी चेंडू ते दोन मिनिटं दाबायचे आणि बाजूला टाकायचे. मग आईने खिडकीच्या ग्रिलमध्ये एक पसरट ट्रे ठेवला, त्यात माती घातली आणि भिजवलेली मेथी त्यांच्या पुढ्यात ठेवली. ढेकळं फोडायची, चिमटीने दाणे पसरायचे. चौथ्या दिवशी सकाळी कोंब दिसले, अजून डोक्यावर बियांच्या टोप्या असलेले. त्या दिवशी दादांनी चहाच्या आधी पाण्याचा तांब्या मागितला. चेंडू त्यांची वाट बघत नव्हता, मेथी बघत होती. हा फरक लेखात कुठेच आला नाही.

आणि ज्यांच्याकडे जागा नाही, त्यांनी निराश होऊ नये. अमेरिकी संशोधक रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास प्रसिद्ध आहे: पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, तीव्र वेदनाशामकंही त्यांना कमी लागली. नुसतं बघूनही इतकं होतं.

एक मात्र लेखात हवंच होतं. मधुमेह असेल तर हातमोजे घालूनच मातीत हात घालावा, आणि धनुर्वाताची लस घेतलेली असावी. दादांना आम्ही पहिल्या दिवसापासून मोजे घातले.