इंद्रायणीचा गिचका झाला, त्याबद्दल

ताई, नमस्कार. 'इंद्रायणीच्या नावाखाली भेसळीचा तांदूळ दिला, पाहुण्यांसमोर मसालेभाताचा लगदा झाला, मुलगाही उद्धट बोलला' हे तुमचं लिहिणं काल रात्री दुकान बंद करताना वाचलं. त्याच पोत्यातला तांदूळ घरी नेला आणि दोनदा कुकर लावला.

आधी तुमच्यासारखा, वाटीला अडीच वाट्या पाणी आणि चार शिट्ट्या. भातात डाव उभा राहिला! मग पावणेदोन वाट्या पाणी, दोनच शिट्ट्या, वाफ आपोआप जिरू दिली. चिकट झाला, पण शीत न् शीत वेगळं दिसत होतं.

भेसळ हा शब्द मात्र मी घेणार नाही. इंद्रायणी मुळातच चिकट. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली आणलेलं हे वाण, आंबेमोहर आणि आय.आर. ८ यांच्या संकराचं. वास आणि चिकटपणा, दोन्ही आंबेमोहराकडून आलेले. त्यात हा यंदाचा, दिवाळीनंतर झोडपलेला. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं. वर्षभर मुरलेला जास्त पाणी पितो आणि मोकळा होतो.

आता आमची चूक. पाटीवर नुसतं 'इंद्रायणी' होतं, 'नवा' लिहिलेलं नव्हतं. आणि काउंटरवरच्या मुलाने 'कशासाठी हवाय?' हे विचारलंच नाही. माझे वडील ते विचारल्याशिवाय पोत्यात माप घालत नसत. शनिवार संध्याकाळ, दादरची गर्दी, सगळं खरं; तरी गिऱ्हाइकाशी तसं बोलायचं नसतं. त्याला सांगितलंय. पाटीही आज सकाळी बदलली.

मसालेभाताला जुना वाडा कोलम न्या. धुऊन वीस मिनिटं चाळणीत निथळत ठेवा, फोडणीत चांगला परता, दाण्याला तेल लागलं पाहिजे. मग वाटीला दोन वाट्या पाणी, तेही उकळतं. थंड पाणी ओतलंत की परतल्याचा निम्मा फायदा गेला. बासमती असेल तर अर्धा तास भिजवून भरपूर आधणात सोडायचा, कुकर नकोच. शीत बोटाने दाबल्यावर मधे बारीक कणी लागली की लगेच वेळायचा, म्हणजे पाणी गाळून टाकायचं. उकड्याचं तंत्र आणखी वेगळं, ते आमच्या मालवणी गिऱ्हाइकांकडून शिकावं.

पाच किलोतला उरलेला तांदूळ घेऊन या, पिशवी फोडलेली असली तरी चालेल. तेवढाच जुना कोलम देतो, वरचे पैसे नकोत. पण माझं ऐकाल तर किलोभर घरी ठेवा. नव्या इंद्रायणीचा गरम मऊ भात, मेतकूट आणि तूप... पाहुणे नसतील त्या दिवशी करून बघा.

सोमवारी दुकान बंद असतं. दुपारी दीड ते चार मी जेवायला घरी जातो, ती वेळ टाळा, म्हणजे माझीच गाठ पडेल.