रेडिओआयोडीन आणि पक्षाघात: फिरणारा मेसेज कुठे चुकतो

थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन बनवत असेल तर तिला आवरायला रेडिओआयोडीन, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन देतात. त्यावरून थायरॉइडच्या रुग्णांमध्ये एक मेसेज फिरतोय: "रेडिओआयोडीन घेऊ नका. मानेतल्या रक्तवाहिन्या जळतात, वर्षभरात हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येतो. ब्रिटनमध्ये सिद्ध झालंय. गोळ्याच बऱ्या." हे वाचून ठरलेले उपचार लांबवणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते.

आधी रक्तवाहिन्या. मानेला बाहेरून रेडिएशन दिल्यावर काही वर्षांनी कॅरोटिड धमन्या (मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या) अरुंद होऊ शकतात, हे खरंच आहे. पण ते तोंड-घशाच्या कॅन्सरसाठी आठवडेच्या आठवडे चालणारं रेडिएशन. रेडिओआयोडीन तोंडाने घेतात, थायरॉइड ते शोषून घेते आणि त्यातून निघणारे किरण (बीटा कण) फार तर दोनेक मिलिमीटर जातात. एकाचा धोका दुसऱ्याच्या नावावर खपवता येत नाही.

आता 'ब्रिटनमध्ये सिद्ध झालंय'. बर्मिंगहॅमचा 1998 चा अभ्यास खरा आहे: 1950 ते 1989 दरम्यान रेडिओआयोडीन घेतलेले 7,209 रुग्ण, आणि त्यांच्यात हृदयविकाराने व पक्षाघाताने झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त, तेही विशेषतः पहिल्या वर्षात. मेसेज इथेच थांबतो. पण या सगळ्यांचा थायरॉइड आधीच वाढलेला होता (म्हणजे हार्मोन जास्त होतं) आणि वाढलेला थायरॉइड स्वतःच हृदयाचे ठोके अनियमित करतो, त्यातून गुठळी आणि पक्षाघात होऊ शकतो. त्याच गटाने 2005 मध्ये पुन्हा पाहिलं, तेव्हा उपचारानंतर थायरॉइड कमी होऊन थायरॉक्सिन (थायरॉइड हार्मोनची गोळी) सुरू झालेल्यांमध्ये हा जादा धोका दिसलाच नाही. दोष किरणांचा असता तर तो त्यांच्यातही दिसायला हवा होता.

थायरॉइड हार्मोन कमी करणाऱ्या गोळ्या अनेकांना पुरतात, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण ग्रेव्हज आजारात (यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडला जास्त हार्मोन बनवायला लावते) त्या थांबवल्यावर साधारण निम्म्या रुग्णांचा आजार उलटतो. वेल्समधल्या 2019 च्या अभ्यासात वर्षभरानंतरही टीएसएच दबलेला (म्हणजे थायरॉइड अजून आटोक्यात न आल्याची रक्तातली खूण) राहिलेल्यांमध्ये मृत्यू जास्त होते, उपचार कोणताही असो.

रेडिओआयोडीनचे खरे त्रास वेगळे आहेत. डोसनंतर काही दिवस हार्मोन रक्तात जास्त उतरून धडधड वाढू शकते, म्हणून वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्यांना आधी गोळ्यांनी स्थिर करतात. ग्रेव्हजचा डोळ्यांचा त्रास बळावू शकतो, धूम्रपान करणाऱ्यांना जास्तच. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना हे औषध देतच नाहीत. पुढे बहुतेकांना थायरॉक्सिन कायमचं लागतं. त्यामुळे डॉक्टरांना विचारायचं ते हे: आधी ईसीजी काढायचा का, आणि डोसनंतरची पहिली तपासणी कितव्या आठवड्यात?