"काकू, तुम्ही ओढत होत्या का?"

या संक्रांतीला नागपुरातच महाल भागात नणंदेकडे हळदीकुंकवाला गेले होते. वाण हातात पडायच्या आधीच शेजारची एक बाई कानाशी आली. "काकू, राग नका मानू, पण तुम्ही कधी बिडी-सिगारेट ओढत होत्या का?"

"नाही जी. कधीच नाही."

तिचा चेहराच उतरला. मी ओढत होते म्हटलं असतं तर ती निवांत तिळगूळ खात बसली असती. स्वतःच्या घरी कोणी ओढत नाही, म्हणजे आपल्याला भीती नाही, हा तिचा हिशोब मी बिघडवला.

मला फुप्फुसाचा कॅन्सर झाला, त्याला आता दोन वर्षं होऊन गेली, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. हा कॅन्सर सिगारेटवाल्यालाच होतो, या समजुतीपायी माझे पाच महिने गेले.

मी नंदनवन भागात डबे करते. पोट्ट्यांना तर्री झणझणीत लागते, त्यामुळे घरात दिवसातून दोनदा फोडणीचा ठसका. 2022 च्या पोळ्याला खोकला सुरू झाला तेव्हा हे म्हणाले, "फोडणीचा आहे." मलाही तेच वाटलं. गणपती गेले, खोकला गेला नाही. एक्सरेत उजवीकडे डाग दिसला. डॉक्टरांनी विचारलं, "विडी, सिगारेट, खर्रा?" नाही म्हटलं. "मग टीबी." थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह होता. तरीही टीबीच. गोळ्या सुरू.

त्या गोळ्यांनी लघवी नारंगी होते. संत्र्याच्या गावात राहते म्हणून पहिले दोन दिवस हसले. मग रडले, कारण टीबी म्हटलं की डबे बंद. दोन महिने चूल थंड, माझं ताट वेगळं, माझा पेला वेगळा. पाच महिने गोळ्या खाल्ल्या, वजन सात किलोनं उतरलं, अन् डाग तसाच. कुठल्या डॉक्टरांनी केलं ते लिहिणार नाही. आपल्याकडे टीबी इतका आहे की डाग दिसला की पहिला संशय त्याच्यावरच जातो, हे मलाही समजतं. माझी तक्रार वेगळी आहे. थुंकी निगेटिव्ह, दोन महिन्यांत काही फरक नाही, मग सीटी स्कॅन काऊन नाही केला? मी बाई होते, ओढत नव्हते, म्हणून तो विचारच कोणाच्या डोक्यात आला नाही. आपल्या देशात हा कॅन्सर झालेल्या बायकांमध्ये बहुतेक जणी कधीच न ओढलेल्या असतात, हे मला नंतर कळलं.

शेवटी धंतोलीत दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. सीटीच्या मशीनमध्ये पालथं झोपवून पाठीतून सुई घातली, तुकडा काढला. अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरचाच एक प्रकार. न ओढणाऱ्यांना होतो तो बहुतेक हाच. नशीब एवढंच की पेट स्कॅनमध्ये दुसरीकडे कुठे गेलेला दिसला नाही. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात, डाव्याचे दोन. मार्चमध्ये माझा उजवीकडचा खालचा काढला.

कारण काय? मी विचारलं. "एका पेशंटबद्दल नेमकं नाही सांगता येत," डॉक्टर म्हणाले. माझं माहेर काटोलकडचं. आईच्या चुलीत पऱ्हाट्या, तुराट्या, पावसाळ्यात त्याही ओल्या. फुंकणी फुंकूनच मोठी झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2010 च्या अहवालात लाकूडफाट्याचा धूर अन् कडकडीत तळणाचा धूर, दोन्ही संशयितांत धरले, अन् 2013 मध्ये बाहेरच्या दूषित हवेला सरळ कॅन्सरचं कारण म्हटलं. म्हणजे मी आयुष्यभर धूर घेतलाच की. फक्त त्याला कोणी व्यसन म्हणत नाही.

केमो एप्रिलअखेर ते जूनअखेर, चार वेळा. नागपूरचा मे, कूलरचा दमट वारा अन् तोंडाला धातूची चव. याहून जास्त त्यावर नाही लिहित.

तुकड्याच्या तपासणीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल निघाला. त्यामुळे त्या बदलावर चालणारी ओसिमर्टिनिबची गोळी मिळाली, रोज एक, तीन वर्षं घ्यायची. महाग म्हणजे किती महाग! जुलै 2024 च्या बजेटमध्ये या औषधावरची कस्टम ड्युटी काढली, तेव्हा आमच्या घरी बजेट क्रिकेटसारखं पाहिलं होतं. या गोळीनं नखांच्या कडा सुजतात, चिरतात. संत्रं सोललं की रस असा झोंबतो की डोळ्यांत पाणी येतं. आता हे सोलून देतात. पांढरे धागे तसेच ठेवतात, काय बोलायचं!

डबे पुन्हा सुरू आहेत, आधीच्या निम्मे. एक्झॉस्ट पंखा बसवला. जिना चढताना मध्ये एकदा थांबते.

एक सांगायचं राहिलं. ऑपरेशननंतर छातीत नळी होती, ती पाण्याच्या बाटलीत सोडलेली. बाटलीतले बुडबुडे थांबले की नळी निघते. ती बाटली पर्ससारखी हातात धरून आम्ही पेशंट व्हरांड्यात फिरायचो. माझ्यासोबत भंडाऱ्याकडचे एक काका असायचे, त्यांचंही तेच ऑपरेशन. सकाळच्या राऊंडला डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "रोज किती बिड्या?" खाली मान घालून म्हणाले, "दोन-तीन." मागून त्यांची बायको म्हणाली, "खोटं काऊन सांगता जी? दोन-तीन बंडल." डॉक्टरांनी विचारायलाच पाहिजे, त्यांना फाईलमध्ये लिहायचं असतं. पण नंतर भेटायला येणारा जो तो तेच विचारायचा, अन् काका दर वेळी भिंतीकडे तोंड करायचे. नळी त्यांनाही तेवढीच दुखत होती.

संध्याकाळी आम्ही दोघं श्वासाचं यंत्र घेऊन बसलो, श्वास ओढला की तीन बॉल वर जातात ते. माझा एक बॉल वर जायचा, त्यांचा अर्धाच. थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "बाई, तुम्ही किती ओढत होत्या?"

मी म्हटलं, "दोन-तीन."

काका हसले. मग उशी छातीशी घट्ट धरली अन् पुन्हा हसले.