रेडिओलॉजी संपली म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

काल रात्री भाचीचा मेसेज आला, "मावशी, रेडिओलॉजीचा विचार सोडून देऊ का?" एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पहिल्या वर्षापासून तिला हेच, म्हणजे एक्सरे-स्कॅन वाचून निदान करायचं, करायचंय. खाली तो फॉरवर्ड, जो मी चार ग्रुपवर बघून न वाचताच सोडून दिला होता. त्यात म्हटलंय की एआय डॉक्टरकीची परीक्षा पास झालं, रेडिओलॉजी संपली, मेडिकलच्या पोरांनाच नोकऱ्या जातील म्हणून एआय नकोय, आणि हल्लीची पोरं एआयला विचारून डॉक्टर होतात.

आधी रेडिओलॉजी, कारण मी वीस वर्षं तेच करतेय. "रेडिओलॉजिस्ट घडवणं आत्ताच थांबवा, पाच वर्षांत मशीन त्यांच्यापेक्षा चांगलं काम करेल" हे फॉरवर्डमधलं वाक्य एआयमधले नामवंत शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन म्हणाले हे खरंय. पण म्हणाले 2016 मध्ये! फॉरवर्डवाल्याने साल तेवढं काढून टाकलं, नाहीतर वाचणाऱ्यानेच बोटांवर हिशेब केला असता. 2025 मध्ये हिंटननी स्वतः मान्य केलं की आपण फक्त इमेज वाचण्याबद्दल बोलत होतो आणि वेळेचा अंदाज चुकला. आमच्याकडे एआय छातीच्या एक्सरेवर संशयाच्या जागी चौकोन काढून देतं, मदत होते, नाही म्हणत नाही. पण तो डाग मागच्या वर्षीच्या एक्सरेतही होता का, पेशंटला आधी टीबी झालेला का, बायोप्सीची सुई कुठून घालायची, आणि सर्जनला आत्ता या क्षणी फोन करायचा की रिपोर्टमध्ये लिहिलं तरी चालेल, हे सगळं अजून माणूसच ठरवतो.

परीक्षेचं म्हणाल तर 2023 मध्ये चॅटजीपीटी अमेरिकेतल्या लायसन्स परीक्षेच्या प्रश्नांवर पासिंगच्या आसपास पोचलं. पेपरात लक्षणं नीट लिहून दिलेली असतात, पेशंट अर्धी विसरतो आणि अर्धी लपवतो.

आता पोरांना एआय नकोय म्हणे. ब्रिटनमधल्या 19 मेडिकल स्कूलच्या 484 विद्यार्थ्यांचा सर्व्हे 2020 मध्ये छापून आलाय. 88 टक्के म्हणाले आरोग्यसेवेत एआय महत्त्वाचं ठरणार, 78 टक्के म्हणाले आम्हाला ते डिग्रीतच शिकवा. हा विरोध आहे का? हां, 49 टक्के असंही म्हणाले की एआयमुळे रेडिओलॉजी घेण्याची शक्यता कमी झाली, म्हणजे धास्ती आहे, ते मान्य. पण त्याच सर्व्हेत एआयबद्दल काहीही शिकवलं गेलेले फक्त 45 जण होते, सक्तीच्या अभ्यासक्रमात तर एकालाही नाही, आणि ज्यांना शिकवलं होतं त्यांचा कल रेडिओलॉजीकडे जास्त होता. एवढं वाचल्यावर तरी पोरांना घाबरवणं थांबवा, कॉलेजांना विचारा की शिकवत का नाही.

पोरं एआयला विचारून डॉक्टर होतात, या शेवटच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, इच्छा नसताना कबूल करते. 2025 मध्ये पोलंडमधल्या एका अभ्यासात एआयची सवय लागलेल्या डॉक्टरांना, एआय नसताना कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याच्या कॅमेरा तपासणीत) गाठी कमी सापडायला लागल्या, गाठ सापडलेल्या तपासण्यांचं प्रमाण 28.4 टक्क्यांवरून 22.4 वर आलं. आणि ते सगळे अनुभवी डॉक्टर होते, त्यामुळे खापर एकट्या विद्यार्थ्यांवर फोडू नका. पण शिकणाऱ्याने आधी स्वतः फिल्म बघावी, आपलं मत लिहावं, मगच एआयचं उत्तर उघडावं, हे मी पण म्हणते.

भाचीला सर्व्हे पाठवलाय, सुट्टीत आठवडाभर माझ्या शेजारी रिपोर्टिंगला बस म्हटलंय. येतेय ती. आणि ज्यांनी ज्यांनी तो मेसेज पुढे ढकललाय त्यांनी हिंटनच्या त्या वाक्यापुढे 2016 लिहून त्याच ग्रुपवर परत टाका.