पाठांतर म्हणजे सराव नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘चारचौघांत बोलण्याची भीती सरावाने आटोक्यात येते’ हे माझं म्हणणं तुम्हाला पटलेलं नाही. तुम्ही अख्खं भाषण तोंडपाठ केलंत, रोज आरशासमोर म्हटलंत आणि तरीही दुसऱ्याच मुद्द्याला डोकं कोरं झालं. ‘वक्ता दशसहस्रेषु म्हणतात ते उगाच नाही, तुम्ही लोकांना खोटी आशा दाखवता,’ असं तुम्ही लिहिलंय. आक्षेप गंभीर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमची मेहनत कमी पडली असं मला मुळीच वाटत नाही. ती पाठांतराची झाली, बोलण्याची झाली नाही. शब्दन्‌शब्द पाठ केलेल्या भाषणात प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याचं शेपूट धरून येतं. एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं, आणि मग समोरच्यांशी बोलायचं सोडून आपण मनातला कागद शोधत बसतो. म्हणून सुरुवातीची दोन-तीन वाक्यं आणि शेवटचं वाक्य एवढंच पाठ करा, कारण छातीतली धडधड साधारणपणे सुरुवातीलाच सर्वांत जास्त असते. मधले मुद्दे दोन-दोन शब्दांत कार्डावर लिहा आणि दर वेळी वेगळ्या वाक्यांत सांगून बघा. कार्ड जाडच घ्या. हात जरासा थरथरला तरी पातळ कागदाचं टोक फडफडायला लागतं, ते आपल्या नजरेस पडतं आणि भीती आणखी चढते.

आरसा मात्र सोडाच. आरशासमोर माणूस स्वतःलाच न्याहाळत राहतो, आणि बोलायला घाबरणाऱ्याला तीच खोड आधीपासून असते. आधी एका माणसासमोर बोला, मग तिघा-चौघांसमोर, मग एखाद्या बैठकीत उभं राहून प्रश्न विचारा. भीती वाटत असतानाही तिथे टिकून राहिलं तरच ती ओसरते. अर्ध्यातून काढता पाय घेतला की पुढच्या वेळी ती दुप्पट होऊन येते. मानसोपचारातही अशा भीतीवर हीच पायरीपायरीची पद्धत वापरतात.

‘पाय लटपटत होते आणि अख्ख्या सभागृहाला ते दिसत होतं,’ असंही तुम्ही म्हणता. पाय लटपटत होते हे खरंच. पण सगळ्यांना दिसत होतं, हे कशावरून? केनेथ सावित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये नेमका याचाच अभ्यास प्रसिद्ध केला. बोलणाऱ्यांना आपण जेवढे घाबरलेले दिसतोय असं वाटत होतं, तेवढे ते ऐकणाऱ्यांना वाटले नाहीत. त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. आतली घालमेल बाहेर फारशी दिसत नाही, हे ज्यांना भाषणाआधी समजावून सांगितलं होतं, त्यांची भाषणं ऐकणाऱ्यांनाही जास्त चांगली वाटली. नुसतं हे माहीत असण्यानेसुद्धा फरक पडतो, म्हणून आवर्जून सांगतेय.

आणि दहा हजारांत एक व्हायला तुम्हाला सांगितलंय कुणी? तुम्हाला तुमच्या विभागाचं काम सहकाऱ्यांना नीट समजावून सांगायचंय. तेवढं सरावाने जमतं, यावर मी ठाम आहे.

एक मर्यादा मात्र आहे. या भीतीपायी कुणी बढती नाकारत असेल, आठवडाभर आधीपासून झोप उडत असेल, तर नुसत्या सरावावर विसंबू नये, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. त्यावर चांगले उपचार आहेत. थरथर थांबवणाऱ्या गोळ्या मात्र कुणीतरी सुचवल्या म्हणून परस्पर घेऊ नका. त्यासाठी वापरले जाणारे बीटा ब्लॉकर दमा असलेल्यांना घातक ठरू शकतात.

पुढच्या महिन्यात पुन्हा बोलायचंय म्हणता. तेव्हाही मध्येच कोरं वाटलं तर थांबा, श्वास सावकाश सोडा, पाण्याचा घोट घ्या, कार्ड बघा आणि आधीचा मुद्दा वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगा. बहुतेकदा पुढचं आपसूक आठवतं. ऐकणाऱ्यांना तो मुद्दा ठसवण्यासाठी घेतलेला विराम वाटतो. कार्डावरचे मुद्दे इथे लिहून पाठवलेत तर क्रम कसा लावता येईल तेही बघू.